ऐकत नाही म्हणून रडू नकोस : हस्की पाळणाऱ्या भाच्याला आत्याचे कानमंत्र

ट्रेनर लावायचा तर लाव, मी नको म्हणत नाही. पण "हा काही म्हणजे काही ऐकत नाही" ही तक्रार घेऊन त्याच्याकडे जाऊ नकोस. हस्कीला सगळं ऐकू येतं, समजतंही. मग तो विचार करतो, आणि बहुतेक वेळा त्याचं मत तुझ्यापेक्षा वेगळं पडतं. घरात जावई आलाय असं समज. मान द्यायचा, वेळेवर वाढायचं आणि काम सांगण्याआधी दहादा विचार करायचा.

आमची हस्की हिमी माझ्याकडे कशी आली ते तुला ठाऊक आहे. शेजारच्या साहेबांची बदली झाली राजस्थानात, तिथल्या उन्हात तिला नेणं म्हणजे मारणंच, म्हणून जाताना ती माझ्या पदरात टाकून गेले. जन्मभर मी गावठी कुत्री पाळली. गावठी कुत्र्याला हाक मारली की ते येतं, कारण भाकरी कुणाच्या हातात आहे हे त्याला कळतं. हिमीलाही ते कळत होतं, तरी ती यायची नाही. आधी कान फिरवायची, मग मान, मग उठायचं की नाही ते ठरवायची. पुढे सांगतेय त्यातलं निम्मं तिनं शिकवलेलं, उरलेलं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं आणि थोडं वाचलेलं. सूनबाईलाही वाचायला दे. तू हिंजवडीला निघून जातोस, घरून काम करणारी ती. दिवसभर त्याच्याशी गाठ तिचीच.

आधी हा स्वभाव आला कुठून ते समजून घे, म्हणजे राग कमी येईल. सायबेरियाच्या ईशान्य टोकाला चुकची लोक राहतात. त्यांनी ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या घडवली ती हलकं ओझं घेऊन बर्फावरून लांबच लांब पळण्यासाठी. घसरगाडीच्या सर्वांत पुढच्या कुत्र्याचं खरं काम पळणं नव्हे, वाट पारखणं. पायाखालचा बर्फ पातळ वाटला तर मागून मालक कितीही ओरडला तरी त्यानं थांबायचं. नाही थांबला, तर मालकासकट सगळे पाण्यात. ज्यानं धोक्याच्या जागी हुकूम मोडला तो जगला आणि त्याचीच पिल्लं पुढे वाढली. तुझ्या घरात जो बसलाय तो त्या वंशाचा.

याच वंशाची, 1925 च्या जानेवारीची गोष्ट आहे. अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. विमान उडेना, जहाज पोचेना. शेवटी वीस गाडीवानांनी आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी हातोहात औषध नेलं, जवळजवळ 1,085 किलोमीटर, साडेपाच दिवसांत. पुतळा उभा राहिला शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात, त्याच वर्षी. पण सर्वांत लांब आणि अवघड वाट तुडवली ती लिओनार्ड सेप्पाला या गाडीवानाच्या टोगोनं, गोठलेल्या समुद्रावरून, आणि तेव्हा तो बारा वर्षांचा म्हातारा होता. हा टोगो पिल्लू असताना इतका व्रात्य होता की सेप्पालानं तो कुणाला तरी देऊन टाकला होता. त्यानं बंद खिडकीची काच फोडून उडी मारली आणि मैलोन्‌मैल पळत परत आला. तेव्हा तुझ्यानं सोफ्याची उशी फाडली म्हणून मला फोटो पाठवत जाऊ नकोस.

मला सांगायचंय ते एवढंच की याला हुकूम पुरत नाही, बंदोबस्त लागतो. तू ओरडून जे साधायला बघतोस ते दार, दोरी आणि घड्याळ यांनी साधायचं. आज्ञा पाळली तर बोनस समजायचा.

सर्वांत मोठा बंदोबस्त दोरीचा. बाहेर असताना हस्कीची दोरी सोडायची नाही. मैदान रिकामं असलं तरी नाही, "आज शहाणा दिसतोय" म्हणूनही नाही. लॅब्राडोर सुटला तर दोन गल्ल्या फिरून परत येतो. हस्की सरळ रेषेत पळतो आणि पळतच राहतो, मागे वळून बघायची त्याला गरज वाटत नाही. आपल्या देहूरोडला तर विचारूच नको. एका बाजूला जुना पुणे-मुंबई रस्ता, मधून रेल्वेची लाईन, तिच्यावर लोकल, एक्स्प्रेस आणि मालगाड्या. त्यात निम्मं गाव लष्कराच्या हद्दीत. डेपोच्या कुंपणाखालून तो आत घुसला तर तुला त्याच्यामागे जाता येणार नाही. पहाऱ्यावरच्या जवानाला तू काय सांगणार, माझा कुत्रा दारूगोळ्याच्या कोठाराकडे गेलाय? म्हणून गळ्यात नंबर कोरलेला बिल्ला हवाच, शिवाय डॉक्टरांकडून मायक्रोचिप बसवून घे. बिल्ला पडतो, चिप पडत नाही.

पट्ट्याचंही सांगते. पाठीवर कडी असलेला हार्नेस घालून तू त्याला फिरवतोस आणि तो ओढतो म्हणून कुरकुर करतोस. अरे, ओढण्यासाठीच तर तशी रचना असते! कडी छातीवर असलेला हार्नेस घे, ओढलं की तो आपोआप वळतो. गळा आवळणारी साखळी माझ्या डोळ्यांसमोर दिसता कामा नये. आणि तुझ्या बाबांच्या हातात दोरी देऊ नकोस. पंचवीस किलोचं जनावर मांजर दिसल्यावर काय करतं, आणि साठीपुढच्या माणसाचा खुबा मोडल्यावर घराचं काय होतं, हे दोन्ही मी या कॉलनीत पाहिलंय.

मांजरावरून आठवलं. मामुर्डी, गहुंजे, सांगवडेकडे फिरायला नेतोस तिथे लोकांच्या कोंबड्या असतात, शेळ्या असतात. हस्की माणसांवर प्रेम करतो, अगदी चोरावरही. त्याला राखणीला ठेवायचा विचार करणारा माणूस विनोदी म्हणायचा. पण लहान पळणारं जनावर दिसलं की त्याच्यातला शिकारी जागा होतो, आणि तिथे तुझं प्रशिक्षण संपतं. कोंबडी मेली तर वाद घालू नकोस, जागेवर भाव विचारून पैसे दे आणि माफी माग. गावात तोंड दाखवायचंय आपल्याला.

घरातली दारं. तुमच्या किवळ्याच्या इमारतीत सेफ्टी डोअर आहे, ते आधी बंद, मग आतलं उघडायचं. डिलिव्हरीवाला आला, दार उघडलं, हा पायांमधून गेला, लिफ्टही उघडी सापडली. असं व्हायला वेळ लागत नाही. गॅलरीला पूर्ण जाळी लावून घे, नुसता कठडा पुरणार नाही. माझ्यासारखं अंगण असतं तर कुंपणाच्या पायथ्याशी फरश्या पुराव्या लागल्या असत्या, कारण हा खणतो. हिमीनं माझी तुळस सोडून सगळ्या कुंड्या उपसल्या. तुळस का सोडली ते तिलाच माहीत. शेवटी मी एक कोपरा तिच्या नावावर करून दिला, तिथे वाळू टाकली, पाणी शिंपडलं. आता ती तिथेच खणते आणि गार वाळूत पोट टेकून पडते.

आता उन्हाळा. इथे नीट लक्ष दे. उशी फाटली तर नवी येते, याची किंमत जिवानं मोजावी लागते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. लोणावळा एवढं जवळ म्हणून आपलीही हवा थंड, हा बाहेरून आलेल्यांचा गैरसमज. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. फेब्रुवारी संपला की फिरणं पहाटे सहाच्या आत उरकायचं, संध्याकाळचं आठनंतर. तेव्हासुद्धा हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून बघायची. तुला पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे पंजेही भाजणार. दुपारी त्याला आतल्या खोलीत, फरशीवर, पंख्याखाली. एसी असेल तर उत्तम, पण एसीच्या भरवशावर राहू नकोस. आपल्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली गुरुवारी वीज जाते, आणि नेमकी भर दुपारी. इन्व्हर्टरवर निदान एक पंखा चालला पाहिजे, आणि दिवसा घरात माणूस पाहिजे. बंद गाडीत तर दोन मिनिटंही नाही.

ऊन लागल्याची खूण ओळखायला शीक. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल डगमगते, कधी उलटी होते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं की धोका सुरू झाला. अशा वेळी त्याला सावलीत घे, नळाचं साधं पाणी अंगावर ओत, पोटावर, मांड्यांच्या आत, पंज्यांवर, आणि पंखा लाव. ओला टॉवेल पांघरून ठेवायचा नाही, थोड्याच वेळात तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. पाणी जबरदस्तीनं तोंडात ओतायचं नाही. अंग थंड करत करतच डॉक्टरकडे निघायचं. तरतरीत दिसायला लागला म्हणून परत फिरायचं नाही, आतल्या अवयवांना बसलेला फटका दुसऱ्या दिवशीही वर येतो. डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये आहेच, रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला ते आजच विचारून ठेव.

आणि उन्हाळ्यात त्याचे केस भादरायचे नाहीत. पार्लरवाला म्हणेल, "गर्मी होतेय त्याला, मशीन मारू." मारू देऊ नकोस. वरचा थर ऊन अडवतो, आतला गळून गेला की मधून हवा खेळते. भादरलेला हस्की उन्हानं पोळतो, शिवाय केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. करायचं ते एवढंच : आतला मेलेला लोकरीसारखा थर दातेरी फणीनं काढून टाकायचा. वर्षातून दोनदा तो ढिगानं गळतो, असं पुस्तकात असतं. आपल्या हवेत उरलेलं वर्षही थोडा थोडा गळतच राहतो. सूनबाईला सांग, काळे कपडे कपाटात आणि डाळीचे डबे घट्ट झाकणाचे. केस वरणात सापडला तर काढायचा आणि जेवायचं, बोलायचं नाही.

पावसाळ्यात उलटा ताप. मावळचा पाऊस तुला माहीतच आहे, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मग हा दुहेरी कोट कसा वाळावा? वरून कोरडा दिसतो, आत ओल राहते, मग त्वचा लाल होते, खाज, वास. फिरून आला की टॉवेलनं मुळापर्यंत पुसायचं, थंड हवेवर ड्रायर मारायचा, बोटांच्या मधल्या जागा बघायच्या. गोचीड कानामागे आणि काखेत शोधायची. गोचिडीच्या तापानं कुत्रं चार दिवसांत बसतं, भूक जाते, हिरड्या पांढऱ्या पडतात. साचलेल्या पाण्यात तोंड घालू द्यायचं नाही, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही लागतो. रेबीजच्या लशीबरोबर लेप्टोचीही वेळेवर दे.

थंडी मात्र त्याची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे घोराडेश्वराच्या पायऱ्या चढव, दोरी धरूनच. तेव्हा बघ त्याचा चेहरा. फक्त अंधारात जाऊ नकोस, फटफटू दे. डोंगराच्या कडेला बिबट्या असतो आणि बिबट्याला कुत्रं आवडतं. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तर त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे 39 टक्के. मोकळ्या अंगणात रात्री कुत्रं बांधणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शेजाऱ्यांचं प्रकरण नाजूक आहे. हस्की भुंकतो कमी आणि गळा काढतो जास्त. आपल्याकडे रात्री कुत्रं रडलं की बायका देवाजवळ दिवा लावतात, कुणाचं तरी काही बरं नाही म्हणतात. तुझ्या मजल्यावर कुणाचे आईवडील आजारी असतील आणि हा मध्यरात्री लांब हेल काढून गाईल, तर त्या घरावर काय गुजरत असेल याचा विचार कर. आधीच पेढे घेऊन जा, सांग की ही याची बोलायची तऱ्हाच आहे, अँब्युलन्सचा भोंगा ऐकला तरी साथ देतो. माझ्या शेजारच्या काकूंना मी हेच सांगितलं. आता हिमी रडली की त्या भिंतीपलीकडून म्हणतात, "काय गं, जेवण मिळालं नाही का?" सोसायटीनं कुत्र्यावरच बंदी घालायची म्हटली तर तसा नियम त्यांना करता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचना आहेत. पण तो कागद शेवटी काढायचा. आधी घाण उचलायची पिशवी खिशात दिसू दे. निम्मं भांडण तिथेच मिटतं.

परवान्याचा घोळ करू नकोस. तुमचं किवळे महापालिकेत, माझं घर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत. ज्याची हद्द त्याच्याकडे नोंद.

शिकवायचं कसं? थोडं थोडं. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनतीनदा, आणि तो कंटाळायच्या आत आपण थांबायचं. एकच गोष्ट चौथ्यांदा करायला सांगितली की हस्की तुझ्याकडे असं बघतो की आपल्यालाच लाज वाटावी. बिस्किटावर भागत नाही, उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचे बारीक तुकडे कर. "ये" हा शब्द फक्त चांगल्या गोष्टीसाठी राखून ठेव. "ये" म्हणून बोलावलं आणि अंघोळीला नेलं, की तो शब्द वाया गेला. मोबाईलवर कुणीतरी सांगेल, कुत्र्याला उताणा पाडून दाबून धर, तू टोळीचा म्होरक्या आहेस हे कळू दे. तसं करू नकोस. ती म्होरक्याची कल्पना बंदिस्त, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून निघालेली आहे. डेव्हिड मीच नावाच्या ज्या शास्त्रज्ञाच्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली, त्यानंच पुढे रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून ती खोडून काढली. रानात टोळी म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं.

मारलंस तर तो ऐकणार नाही ते नाहीच, वर तुझा हात पुढे आला की निसटायला शिकेल.

त्याला दमवायचं मात्र रोज. दिवसाला दीड-दोन तास मोठ्या कुत्र्याला हवेतच, पण उन्हाळ्यात पाय दमवता येत नाहीत तेव्हा डोकं दमव. खाणं वाटीत देऊ नकोस, जुन्या चादरीत गुंडाळून दे, पुठ्ठ्याच्या खोक्यात लपव, ताकात भिजवून गोठवून दे. अर्धा तास शोधाशोध केलेला हस्की तासभर चाललेल्यासारखा झोपतो. तुझं पिल्लू अजून वाढतंय, त्याला लांब पळवायचं नाही, सायकलला तर बांधायचंच नाही.

खाण्याबद्दल तुझी आई उगाच घाबरते. हस्की अंगाच्या मानानं कमी खातो आणि उन्हाळ्यात एखादं जेवण सोडतोही. वाटी वीस मिनिटांनी उचलायची. "खा रे राजा" करत तूप घातलंस की उद्यापासून तुपाशिवाय खाणार नाही. नुसत्या दूध-चपातीवर वाढवू नकोस. या जातीत काहींच्या अंगाला जस्त नीट लागत नाही, त्यात सगळं धान्यच पोटात गेलं तर आणखी कमी पडतं. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती खपल्या धरायला लागल्या तर मलम लावत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव. गोळ्याही मनानं देऊ नकोस, जस्त जास्त झालं तर विष होतं. कांदा, चॉकलेट, द्राक्षं बंद. आणि सत्यनारायणाचा शिरा देताना बेदाणे, मनुका वेचून काढायच्या असं नाही, शिराच द्यायचा नाही. देव समजून घेतो, मूत्रपिंड घेत नाही. डोळ्यांची तपासणी वर्षातून एकदा करून घे, मोतीबिंदू या जातीत तरुणपणीही येतो.

वर्षातले काही दिवस आधीच कॅलेंडरवर खूण करून ठेव. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघून आपल्याच रस्त्यानं निगडी, आकुर्डीकडे जाते. त्या दिवशी गर्दी, स्पीकर, टाळमृदंग. वारकऱ्यांबरोबर फोटो हवा म्हणून त्याला रस्त्यावर नेऊ नकोस, पहाटेच फिरवून आण आणि घरात ठेव. दिवाळीत आणि विसर्जनाला खिडक्या बंद, टीव्ही चालू, एक माणूस जवळ. फटाक्याला घाबरलेला हस्की मी मघाशी सांगितलेली सगळी दारं आणि कुंपणं विसरायला लावतो.

तुझ्या ऑफिसातल्या दोघांना तुझा बघून हस्की घ्यायचाय म्हणतोस. मालिकेतले लांडगे बघून लोकांनी हस्की घेतले आणि मग सोडून दिले, तेव्हा 2017 साली 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पीटर डिंक्लेजला हात जोडून सांगावं लागलं की घेऊ नका. आपल्याकडेही आसऱ्यांमध्ये निळ्या डोळ्यांची कुत्री येऊन पडतात. माझं मत विचारशील तर या हवेत नवीन पिल्लू विकत घेऊच नये. कुणाची बदली झाली, कुणी सोडलं, असा मोठा हस्की मिळाला तर सांभाळावा. त्यातूनही त्यांना पिल्लूच हवं असेल तर एवढं सांग : नोंदणी असलेल्याकडूनच घ्या, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानं बंदी आहे, आईबाप डोळ्यांनी बघा, आणि दिवाळीनंतर आणा म्हणजे पहिला उन्हाळा येईपर्यंत ते थोडं जाणतं होईल. आणि पैसे देण्याआधी दोघांनाही मे महिन्यातल्या एखाद्या गुरुवारी, दुपारी दोन वाजता, तुझ्या घरी चहाला बोलव.